जर्मनीतल्या भाड्याच्या घरात पहिले तीन महिने : कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी

जर्मनीला निघण्याच्या आठवडाभर आधी राजारामपुरीतल्या आमच्या घरी कोणी ना कोणी मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांना घेऊन येते. प्रश्न बहुतेक थंडीचे, जेवणाचे आणि विमानातल्या सामानाच्या वजनाचे असतात. घराबद्दल फारसे कोणी विचारत नाही, कारण भाडे ठरले आणि किल्ली हातात पडली की घर झाले, अशी आपली समजूत असते. शिरोलीच्या फाउंड्रीत काही वर्षे काम करून मी स्टुटगार्टला गेलो तेव्हा माझीही हीच समजूत होती. पहिल्या तीन महिन्यांत मला जो मनस्ताप झाला, त्यातला फार थोडा माणसांच्या वाईटपणामुळे झाला. बाकी सगळा कामांचा क्रम चुकल्यामुळे आणि तोंडी शब्दावर विसंबल्यामुळे झाला. म्हणून ही माहिती मी ज्या क्रमाने कामे करावी लागतात त्याच क्रमाने लिहिली आहे.

जाहिरात वाचताना

तिथे खोल्या मोजण्याची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे. दोन खोल्यांचे घर म्हणजे एक बसण्याची आणि एक झोपण्याची खोली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या मोजणीत धरत नाहीत, म्हणजे ते आपल्याकडचा वन बीएचके होते. भाड्याचे दोन आकडे दिलेले असतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे शब्दशः थंड भाडे, हे फक्त जागेचे. ‘वार्ममीटे’ म्हणजे उबदार भाडे, त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असे इतर खर्च मिळवलेले असतात. विजेचे बिल आणि इंटरनेट मात्र बहुधा या दोन्ही आकड्यांबाहेर राहते, त्यामुळे महिन्याचा हिशेब मांडताना वार्ममीटेवर आणखी काही रक्कम धरावी.

आपल्या माणसाला सर्वांत मोठा धक्का बसतो तो स्वयंपाकघराचा. तिथल्या अनेक रिकाम्या घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती, नळाची जोडणी आणि शेगडीसाठी बाहेर काढून ठेवलेली वायर एवढेच असते. ओटा, बेसिन, कपाटे, शेगडी हे सगळे आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेलेला असतो, कारण ते त्याच्या मालकीचे असते. छतावर दिवेसुद्धा नसतात, नुसत्या तारा लोंबत असतात. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ हा शब्द किंवा त्याचे ‘ईबीके’ हे लघुरूप असेल तर स्वयंपाकघर बसवलेले आहे असे समजावे. कधी कधी आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर नव्या भाडेकरूला विकतो आणि त्या रकमेला ‘आब्लोझे’ म्हणतात. ती रक्कम भाड्यात किंवा अनामतीत धरलेली नसते, हे विसरू नये. पहिल्या वर्षासाठी माझा स्पष्ट सल्ला असा आहे की विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, किंवा चार-पाच जणांनी मिळून राहण्याच्या ‘वोनगेमाइनशाफ्ट’मध्ये एखादी खोली घ्यावी. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून उभ्या केलेल्या बोर्डिंगांमुळे ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हणवणाऱ्या गावातून तुम्ही जात आहात, तेव्हा वसतिगृहाची खोली स्वतंत्र घरापेक्षा कमी प्रतीची आहे असे मनात आणू नका. फक्त प्रवेशपत्र हातात येताच तिच्यासाठी अर्ज करा, कारण मोठ्या शहरांत त्यासाठी लांब प्रतीक्षायादी असते.

अनामतीचे पैसे वेगळे ठेवणे

अनामत रकमेला ‘काउत्सियोन’ म्हणतात. कायद्याने ती थंड भाड्याच्या तीन महिन्यांच्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. घरमालकाने ही रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवायची असते.

विद्यार्थ्यांचा घोळ इथेच होतो. व्हिसासाठी जे ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडावे लागते, त्यात 2024 पासून वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात, आणि त्यातून महिन्याला फक्त 992 युरो हातात येतात. भाडे, विमा आणि जेवण यांत ते संपतात. अनामत त्यातून भागत नाही. शिवाय तिकडे पोहोचल्यावर चालू खाते उघडून ही रक्कम सुरू होईपर्यंत काही दिवस जातात. म्हणून निघण्यापूर्वीच घरच्यांशी बोलून अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च यांची सोय वेगळी करावी. ऐन वेळी वडिलांना कोल्हापुरात बँकेच्या शाखेत धावपळ करायला लावणे कोणालाच बरे वाटत नाही.

दुसरी गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. “मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल,” असे लिहिणारा मनुष्य फसवणूक करणारा असतो. घर स्वतः पाहिल्याशिवाय, किंवा तिथे राहणाऱ्या विश्वासू ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय, आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नये.

किल्ली घेण्याचा दिवस

या दिवशी घाई करू नका. घरमालक किंवा त्याचा प्रतिनिधी तुमच्याबरोबर घरातून फिरतो आणि ‘युबरगाबेप्रोटोकोल’ नावाचा कागद भरला जातो. घर कोणत्या स्थितीत ताब्यात दिले, किती किल्ल्या दिल्या, वीज, पाणी आणि हीटिंगच्या मीटरवर कोणते आकडे होते, याची ती नोंद असते. माझ्या पहिल्या घराचे मालक सज्जन वाटले. खिडकीखालच्या लाकडी जमिनीवरचे ओरखडे मी दाखवले तेव्हा ते म्हणाले, “ते जुनेच आहेत, काळजी नको.” आपल्याकडे काका-काकू म्हणून घरमालकाशी नाते जोडायची सवय असते. ते ओरखडे कागदावर लिहून घ्या असे म्हणणे मला अविश्वास दाखवल्यासारखे वाटले, म्हणून मी गप्प राहिलो. घर सोडताना त्याच ओरखड्यांसाठी अनामतीतून पैसे कापले गेले, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

तिथे लिहून घेणे हा अविश्वास नव्हे. उलट सगळे नीट लिहून घेणारा भाडेकरू जबाबदार समजला जातो. म्हणून प्रत्येक ओरखडा, भिंतीतले प्रत्येक भोक, नीट न लागणारी खिडकी, कोपऱ्यातला ओलीचा डाग हे सगळे नोंदवावे, दिवसाच्या उजेडात तारीख दिसेल असे फोटो काढावेत आणि ते त्याच दिवशी ईमेलने घरमालकाला पाठवावेत. घरमालकाला ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’ लावून आडनावाने हाक मारावी आणि ‘झी’ म्हणजे आपल्या ‘तुम्ही’नेच बोलावे. ते स्वतः सुचवत नाहीत तोपर्यंत पहिल्या नावावर येऊ नये.

त्याच दिवशी आणखी एक कागद मागून घ्या. त्याचे नाव लांबलचक आहे, ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. अमुक मनुष्य अमुक तारखेपासून माझ्या घरात राहायला आला आहे, असे घरमालकाने सही करून दिलेले हे पत्र असते. भाडेकरार दाखवून हे काम भागत नाही.

पहिले चौदा दिवस

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. वरचे पत्र, पासपोर्ट आणि भरलेला अर्ज एवढे लागते, पण मोठ्या शहरांत भेटीची वेळ सहज मिळत नाही. यासाठी वेळ ऑनलाइन आरक्षित करण्याचे काम कोल्हापुरात असतानाच करून ठेवावे. चौदा दिवसांत वेळ मिळालीच नाही, तर आपण वेळेत प्रयत्न केला होता हे दाखवणारी पावती किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

या नोंदीवर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून आहे : कर ओळख क्रमांक, निवासपरवाना, बऱ्याचदा बँकेचे खाते. आणि यांबाबतची बहुतेक पत्रे पोस्टाने येतात. इथे एक अगदी साधी गोष्ट अनेकांना माहीत नसते. जर्मनीत बहुधा पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. आपल्या गल्लीत नाव नसले तरी टपाल पोहोचते, कारण पोस्टमनला घरे माहीत असतात, नाहीतर कोपऱ्यावरचा दुकानदार सांगतो. तिथे पत्रपेटीवर आणि दारावरच्या घंटीपाशी तुमचे आडनाव नसेल तर पत्र सरळ परत जाते. पहिल्याच दिवशी कागदाच्या चिठ्ठीवर का होईना, नाव चिकटवा आणि घरमालकाकडे कायमची पट्टी मागा. दुसऱ्या भाडेकरूकडून खोली घेतली असेल तर पत्त्यात त्याच्या आडनावाचा उल्लेखही करावा.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-दूरचित्रवाणी शुल्काचे पत्र येईल. घरात टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नका. हे शुल्क 2021 पासून महिन्याला 18.36 युरो आहे आणि ते माणशी नसून घरामागे एकदाच घेतले जाते. घरातला एखादा सोबती ते आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क-क्रमांक कळवला की तुमचे काम संपते.

विजेबद्दल थोडक्यात. तुम्ही कोणाशी करार केला नाही तरी दिवे लागतात, कारण त्या भागातला मूळ पुरवठादार आपोआप वीज देत असतो. पण त्याचा दर बहुधा महाग असतो. दोन आठवड्यांच्या सूचनेने तो करार सोडता येतो, तेव्हा दरांची तुलना करून पहिल्याच महिन्यात स्वतःचा करार करावा. इंटरनेटची जोडणी मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात, तोवर मोबाइलच्या डेटावर भागवावे. घरी फोन करताना हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक धरावा.

याच काळात ‘प्रिवाटहाफ्टफ्लिश्ट’ हा जबाबदारीचा विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई देणारा विमा, काढावा आणि त्यात किल्ली हरवण्याची भरपाई आहे ना, हे तपासावे. इमारतीची किल्ली हरवली तर काही वेळा सगळ्या इमारतीची कुलपे बदलावी लागतात आणि तो खर्च भाडेकरूवर येतो. घराचे दार ओढले की आपोआप बंद होते आणि बाहेरून मूठ फिरत नाही. कचरा टाकायला पायांत चप्पल अडकवून निघालेला मनुष्य असाच बाहेर अडकतो. रात्री किंवा रविवारी कुलूपवाला बोलावणे फार महागात पडते. एक जादा किल्ली जवळ राहणाऱ्या मित्राकडे ठेवावी, आणि कुलूपवाल्याला बोलवावेच लागले तर त्याने यायच्या आधी फोनवर पूर्ण रक्कम ठरवून घ्यावी.

स्वयंपाक आणि मोरी

जर्मनीत वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे आपला मिक्सर तिथे चालतो, फक्त पिन बसवण्यासाठी अॅडॅप्टर लागतो. कुकर घेताना मात्र विचार करावा. शेगडी इंडक्शनची असेल तर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा स्टीलचा कुकर आणि त्याचे दोन जादा रबर एवढे सोबत न्यावे. मसाला आणि चटणी न्या, पण तूप, खव्याचे पेढे आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका, कारण भारतातून युरोपीय संघात प्रवाशाने मांस किंवा दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेले विमानतळावर टाकून द्यावे लागते, ते पाहवत नाही.

तांबड्या रश्श्यासाठी कांदा-लसूण मसाल्याची फोडणी दिली की घर तर भरतेच, जिनाही भरतो. झोपण्याच्या खोल्यांत आणि बोळात धूर ओळखणारे यंत्र बसवलेले असते, आणि ते फोडणीच्या धुरानेही वाजू शकते. स्वयंपाकघराचे दार लावून, खिडकी पूर्ण उघडून मगच फोडणी द्यावी. ते यंत्र काढून किंवा झाकून मात्र कधीही ठेवू नये. मी पहिल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजींना स्वतःची ओळख करून दिली आणि आमच्या जेवणाला वास येतो हे आधीच सांगून टाकले. पुढे त्यांनी कधी तक्रार केली नाही.

न्हाणीघरात मोरी नसते. जमीन कोरडी राहील असे गृहीत धरूनच ते बांधलेले असते आणि बऱ्याच घरांत जमिनीतून पाणी जायला वाटच नसते. बादली-तांब्याने अंघोळ करायची असेल तर ती टबच्या किंवा शॉवरच्या आतच करावी. जमीन पाणी ओतून धुवायची सवय पूर्णपणे सोडावी, कारण ते पाणी खालच्या घराच्या छतात उतरते आणि त्याची भरपाई तुम्हाला द्यावी लागते.

हवा, ओल आणि बुरशी

हा विषय मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण भारतीय भाडेकरूंची सर्वांत जास्त भांडणे यावरून झालेली मी पाहिली आहेत. कोल्हापुरात आपल्याला ओल माहीत आहे. आषाढात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना पोपडे धरतात. पण आपली ओल बाहेरून, पावसातून येते, आणि म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. जर्मनीत हिवाळ्यातली ओल घराच्या आतून येते. आपला श्वास, अंघोळ, भाताची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे यांतून पाणी हवेत मिसळते. खिडक्या इतक्या घट्ट बसतात की ती हवा बाहेर जात नाही, आणि उबदार हवेतले पाणी बाहेरच्या थंड भिंतीला लागून थेंबांच्या रूपात साचते. कपाटामागे, खिडकीच्या चौकटीत आणि पलंगाजवळच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसू लागते. थंडी आहे म्हणून खिडकी न उघडणे, ही आपली स्वाभाविक कृतीच इथे चुकीची ठरते.

उपाय तिथल्या लोकांना लहानपणापासून ठाऊक असतो आणि त्याला ‘श्टोसल्युफ्टेन’ म्हणतात. हीटर बंद करून, सगळ्या खिडक्या पूर्ण उघडून, पाच ते दहा मिनिटे हवा खेळू द्यायची आणि मग खिडक्या लावून हीटर पुन्हा सुरू करायचा. हे दिवसातून दोन-तीनदा करायचे, अंघोळीनंतर आणि स्वयंपाकानंतर लगेच करायचे. खिडकी दिवसभर वरून थोडी कलती ठेवणे उपयोगाचे नाही. त्याने भिंत गार होते आणि हीटिंगचे पैसे वाया जातात. हीटरच्या मुठीवर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश. मूठ 5 वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते, एवढे समजले तरी बिल आटोक्यात राहते. घराबाहेर जाताना हीटर पूर्ण बंद न करता कमी ठेवावा, कारण गार पडलेल्या भिंतीवरच पाणी साचते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ठेवावे. आणि बुरशीचा पहिला ठिपका दिसताच फोटोसह लेखी कळवावे, कारण उशीर झाला की “तुम्ही हवा खेळू दिली नाही” हा आरोप खोडून काढणे अवघड जाते.

शेजार, शांतता आणि कचरा

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते आणि रविवार पूर्ण दिवस शांततेचा असतो. रविवारी दुकानेही बंद असतात, म्हणून बाजार शनिवारीच करावा. रविवारी सकाळी मिक्सरमध्ये वाटण काढणे, भिंतीला भोक पाडणे, व्हॅक्यूम फिरवणे टाळावे. इमारतीची नियमावली, म्हणजे ‘हाउसऑर्डनुंग’, बहुधा करारासोबत जोडलेली असते. ती भाषांतर करून का होईना, पूर्ण वाचावी.

स्टुटगार्ट परिसरात राहणार असाल तर ‘केरवोखे’ हा शब्द लक्षात ठेवा, आणि मराठी माणसाला तो विसरणे कठीण आहे, कारण त्याचा अर्थच केर काढण्याचा आठवडा असा आहे. जिना आणि समोरची वाट झाडण्याची पाळी आठवड्यागणिक एकेका घरावर येते. पाळी आली की तुमच्या दारावर पाटी टांगली जाते. ज्या आठवड्यात मी जिना नीट पुसला, त्या आठवड्यापासून शेजारी माझ्याशी बोलू लागले.

कचऱ्याचे डबे कागद, ओला कचरा, वेष्टने आणि उरलेला कचरा असे वेगळे असतात. त्यांचे रंग गावागणिक बदलतात, म्हणून रंग पाठ न करता डब्यावरची सूचना वाचावी. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत रंगानुसार टाकतात, पण रात्री किंवा रविवारी नाही. बहुतेक पेयांच्या प्लास्टिक बाटल्या आणि डब्यांवर 25 सेंट ठेव घेतलेली असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते.

हिशेब आणि घर सोडणे

वार्ममीटेतले इतर खर्च हे आगाऊ अंदाजाने घेतलेले असतात. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत घरमालकाने खरा हिशेब द्यायचा असतो, आणि त्यात काही शे युरो भरावे लागू शकतात किंवा परत मिळू शकतात. हिशेब पटला नाही तर ‘मीटरफेराइन’ या भाडेकरूंच्या संघटनेचे सभासद व्हावे. वर्षाची वर्गणी भरली की कायद्याचा सल्ला मिळतो. एकट्याने घरमालकाशी वाद घालण्यापेक्षा हा मार्ग मला नेहमी बरा वाटला.

घर सोडायचे असेल तर साध्या करारात तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. ती कागदावर, स्वतःच्या सहीने, महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हाती पोहोचली तरच तो महिना धरला जातो. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवरचा निरोप चालत नाही. अनामत लगेच परत मिळत नाही. हिशेब पूर्ण होईपर्यंत घरमालक ती काही महिने ठेवू शकतो. त्यामुळे शिक्षण संपवून थेट कोल्हापूरला परतणार असाल, तर ती रक्कम जमा होईपर्यंत जर्मनीतले बँकखाते बंद करू नका, आणि निघण्यापूर्वी खातेक्रमांक आणि कोल्हापूरचा पत्ता घरमालकाला लेखी देऊन त्याची पोच घ्या.